जनरल आमेगांना आलेलं बोलावणं

आठवड्यातून तीनदा, दुपारच्या शिफ्टला, जनरल जोनास आमेगा डायलिसिसला यायचे. इस्त्रीचा पांढरा शर्ट, डावी बाही आधीच दुमडलेली आणि पायांत पॉलिश केलेले काळे बूट. ऑस्ट्रेलियातल्या कालगुर्लीत असे बूट सहसा दिसत नाहीत. गावाला लागूनच सोन्याची प्रचंड खाण आहे आणि तिथली तांबडी धूळ सगळ्यांच्याच पायांवर असते. जनरल दारापाशी थांबून रुमालाने बूट पुसायचे, मग आत येऊन वजनकाट्यावर उभे राहायचे आणि नर्सच्या आधी स्वतःच आकडा वाचून सांगायचे.

युनिटमधल्या नर्सेसना बरेच दिवस वाटत होतं की जनरल हे त्यांचं टोपणनाव आहे. इथे कुणालाही चॅम्प म्हणतात, बॉस म्हणतात, तसंच हेही. डॉक्टर देवयानी सरपोतदारला मात्र ते खरोखरच जनरल होते हे ठाऊक होतं, कारण तिचा नवरा शैलेंद्र त्यांच्या मुलीच्या हाताखाली काम करायचा.

मुलीचं नाव अबला. मंगळवारी जन्मलेल्या मुलीचं त्यांच्याकडे हेच नाव ठेवतात. "माझी नवी बॉस अबला आहे," असं शैलेंद्रने पहिल्यांदा घरी येऊन सांगितलं तेव्हा देवयानीला हसू आवरेना. अबला खाणीत ब्लास्टिंगची प्रमुख होती. तिने हो म्हटलं की खाणीत डोंगराएवढा खडक उडायचा आणि गावातल्या खिडक्या थरथरायच्या. आई गेल्यावर तिने वडिलांना इकडे आणलं होतं, आणि आणल्यानंतर वर्षाच्या आतच त्यांच्या किडन्यांनी काम थांबवलं होतं.

पश्चिम आफ्रिकेतल्या, समुद्रकाठच्या एका लहान देशाचे ते सेनाप्रमुख होते. भूदल, नौदल आणि जे काही थोडंफार हवाईदल होतं ते, सगळं त्यांच्या हाताखाली. देशाचं नाव ते आपणहून कुणाला सांगत नसत. "सांगितलं की लोक मोबाईलवर आधी नकाशा बघतात," ते म्हणायचे, "आणि मग बातम्या."

देवयानीलाही फार विचारायला वेळ नव्हता. ती या गावात दोन वर्षांसाठी म्हणून आली होती, त्याला आता बरीच वर्षं झाली होती. मेडिसिनचा हेड पर्थला निघून गेला तेव्हा नवा माणूस मिळेपर्यंत म्हणून तिला अॅक्टिंग हेड केलं, आणि नवा माणूस काही मिळाला नाही. वॉर्ड तिचा, क्लिनिक तिचं, डायलिसिस युनिट तिचं, रोस्टरवरची भांडणंही तिचीच. मुलगा अर्णव पर्थला युनिव्हर्सिटीत होता. त्याला फोन केला की तो म्हणायचा, "ममा, यू साउंड टायर्ड." मग तीही म्हणायची, "झोप झाली नाही रे." हे दोघांनी इतक्यांदा म्हटलं होतं की त्यात आता काही सांगितल्यासारखं उरलं नव्हतं.

एका रविवारी दुपारी शैलेंद्रने अबलाला आणि जनरलना जेवायला बोलावलं. नेमकी त्याची एकादशी होती. त्यामुळे पाहुण्यांसाठी चिकन, आणि त्याच्यापुरती वरीचा भात न् दाण्याची आमटी. जनरलनी चिकन बाजूला ठेवलं आणि आमटीचं भांडं पुढे ओढलं. एक घास घेतला आणि मान हलवली.

"हे आमच्या घरचं आहे," ते म्हणाले. "फक्त तुम्ही यात मासा घालायला विसरलात."

शैलेंद्र मोठ्याने हसला. देवयानी म्हणाली, "दोन चमचेच हं. शेंगदाणे तुम्हाला चालत नाहीत."

"डॉक्टर, मी साठ वर्षं हेच खाऊन वाढलो."

"म्हणूनच दोन तरी देतेय."

जेवण झाल्यावर शैलेंद्रने, बऱ्याच दिवसांपासून मनात असलेला प्रश्न विचारलाच. "सर, तुम्ही किती लढाया पाहिल्यात?"

"सेनाप्रमुख म्हणून? एकही नाही," जनरल म्हणाले. "सेनाप्रमुखाचं काम लढणं नसतंच मुळी. निदान आमच्यासारख्या देशात तरी. सैनिकांना बराकीत ठेवणं, हे त्याचं काम."

"म्हणजे?"

जनरलनी अबलाकडे पाहिलं. ती मोबाईल बघत होती. हे तिने पुष्कळदा ऐकलेलं असणार.

"सकाळी राष्ट्राध्यक्षांचा फोन येतो. सगळं ठीक आहे ना? म्हणजे, तू माझ्याविरुद्ध काही करत नाहीयेस ना? तुम्ही म्हणता, हो, सगळं ठीक. दुपारी कर्नल लोक येतात. बढत्यांचं काय, बूट कधी येणार, उत्तरेकडच्या पोरांना सुट्टी कधी? म्हणजे, तू आमच्या बाजूचा आहेस ना? त्यांनाही तुम्ही हो म्हणता. दिवसभर हो म्हणायचं. वर्षानुवर्षं. मग एक दिवस नाही म्हणायची वेळ येते, आणि तोवर तुमची ती सवयच गेलेली असते."

"आणि तुमच्यावर ती वेळ आली?"

"आली. राष्ट्राध्यक्ष निवडणूक हरत होते. स्टेडियममध्ये मतमोजणी चालू होती. मला फोन आला की तिथे तुकडी पाठवा. मी विचारलं, कशासाठी? म्हणाले, सुरक्षेसाठी. मी विचारलं, कुणाच्या? तर फोन ठेवला. मग लेखी हुकूम येणार असा निरोप आला. माझा एडीसी, म्हणजे सतत सोबत असणारा मदतनीस अधिकारी, होता एलॉम, पंचविशीतला मुलगा. त्याला सांगितलं, राजधानीतल्या सगळ्या शस्त्रागारांच्या किल्ल्या माझ्या टेबलावर आणून ठेव. त्याने आणल्या. मी त्या समोर ठेवून बसून राहिलो. फोन वाजत होता, मी उचलत नव्हतो. एलॉम दाराशी उभा होता, येणाऱ्याला आधी तोच दिसला असता. मी टेबलाच्या मागे होतो."

"मग?"

"मग काही नाही. संध्याकाळी राष्ट्राध्यक्ष विमानात बसून निघून गेले. लोक रस्त्यावर नाचले. माझे फोटो टीशर्टवर आले."

अबलाने मान वर केली. "आणि नव्या राष्ट्राध्यक्षाने यांना पदक दिलं आणि घरी पाठवलं."

"बरोबरच केलं त्याने," जनरल म्हणाले. "ज्याने एकाचा हुकूम मोडला तो दुसऱ्याचाही मोडू शकतो. मी त्याच्या जागी असतो तर मीही तेच केलं असतं."

हे त्यांनी अगदी सरळपणे म्हटलं. शैलेंद्रने चहा टाकला.

त्या हिवाळ्यात जनरलच्या देशात पुन्हा गडबड सुरू झाली. उत्तरेकडच्या एका छावणीतल्या सैनिकांनी आपल्याच अधिकाऱ्यांना कोंडून ठेवलं. राजधानीत कोण कुणाच्या बाजूला आहे हे कुणालाच कळेना. आणि ज्या राष्ट्राध्यक्षाने जनरलना घरी पाठवलं होतं, त्यालाच त्यांची आठवण झाली. सैनिक ज्याचं ऐकतील असा दुसरा माणूस त्याला दिसत नव्हता.

देवयानीला हे अबलाकडून कळलं. एका सकाळी हॉस्पिटलच्या कार पार्कमध्ये ती खाणीतल्या चमकत्या पट्ट्यांच्या जॅकेटमध्येच उभी होती, शिफ्ट संपवून थेट आलेली. गारठ्यात तिच्या तोंडातून वाफ येत होती.

"ते त्यांना परत बोलावतायत," अबला म्हणाली. "सेनाप्रमुख म्हणून. रोज फोन. देवयानी, प्लीज, तू त्यांना सांग की ते जाऊ शकत नाहीत. मेडिकली. तुझं ते ऐकतील."

"त्यांना जायचंय का?"

"माहीत नाही. मला सांगत नाहीत. फोन आला की परसात जातात. पण त्यांनी बूट पॉलिशचा नवा डबा आणलाय."

"अबला, त्यांची तब्येत स्टेबल आहे. नीट प्लॅन केलं तर ते प्रवास करू शकतात. त्यांच्या राजधानीत मिलिटरी हॉस्पिटलमध्ये डायलिसिस आहे, मी बघितलंय."

"हे तू त्यांना सांगू नकोस!"

"मग काय सांगू?"

"सांग, अनफिट. एक शब्द. तू डॉक्टर आहेस, तुला कोण विचारणार आहे?" अबलाचा आवाज चढला आणि मग एकदम खाली आला. "मी रोज हजार माणसांची काळजी घेते. मला आणखी एका देशाची नाही घ्यायची."

देवयानीने तिच्या खांद्यावर हात ठेवला. बघते, म्हणाली. आत जाताना तिला जाणवलं की आपण कुणालाच नाही म्हणत नाही, बघते म्हणतो.

त्याच आठवड्यात जनरलनी स्वतःच विषय काढला. मशीन चालू होतं, नळ्यांमधून रक्त फिरत होतं, शेजारचा पेशंट तोंडावर टोपी ठेवून झोपला होता. देवयानी राउंडला आली तेव्हा त्यांनी तिला थांबायची खूण केली.

"डॉक्टर, माझी मुलगी तुम्हाला भेटली असेल."

"भेटली."

"ती काय म्हणाली ते मला सांगू नका. मी काय म्हणतो ते ऐका. मला तुमच्याकडून एक शब्द हवाय. अनफिट."

देवयानी बघतच राहिली. "तुम्हाला जायचं नाहीये?"

"मी म्हातारा झालोय. मला इथे तीनदा यायचं, घरी जायचं, झोपायचं, एवढंच जमतं. पण मला राष्ट्राध्यक्ष बोलावतोय. देश बोलावतोय, असं म्हणतायत. आमच्याकडे जनरलला नाही म्हणता येत नाही. जनरल आजारी पडू शकतो. तुम्ही म्हणालात की काम झालं. सगळ्यांची अब्रू राहील."

"आणि अबलाला काय वाटेल?"

"तिला वाटेल, मला जायचं होतं आणि डॉक्टरांनी थांबवलं. तिला तिचा बाप थोडा शूर वाटला तर काय बिघडलं?"

देवयानीला एकाएकी फार थकल्यासारखं झालं. सकाळपासून ती दुसऱ्यांच्या वतीने निर्णय सांगत फिरत होती. एका मुलाला वडिलांचं ऑपरेशन नको होतं पण तसं म्हणायचं नव्हतं, म्हणून डॉक्टरने म्हणायचं. एका नर्सला सुट्टी हवी होती पण मॅनेजरशी बोलायचं नव्हतं, म्हणून हेडने बोलायचं. आता या बाप-लेकींना एकच गोष्ट हवी होती आणि ती एकमेकांना सांगायला दोघंही तयार नव्हती.

"तुम्ही अनफिट नाही आहात," ती म्हणाली. "थकलेले आहात. ते वेगळं."

"थोडंसंच वेगळं."

"जनरल, मी खोटं नाही सांगणार. तुम्ही स्वतः नाही म्हणा. तुम्ही एकदा म्हटलंयत."

"तेव्हा मी फोन उचलला नव्हता," जनरल म्हणाले. "नाही असं मी अजून कधीच कुणाला म्हटलेलं नाही."

पुढच्या वेळी ती राउंडला आली तेव्हा ते फोनवरच होते. आपल्या भाषेत हळू आवाजात काहीतरी बोलत होते. तिला पाहिल्यावर इंग्रजीत म्हणाले, "सर, माझ्या डॉक्टर इथेच आहेत. आपण त्यांच्याशीच बोला." आणि तिने काही म्हणायच्या आत फोन तिच्या हातात दिला.

पलीकडून एक भारदस्त, सावकाश आवाज आला. राष्ट्राध्यक्षांचा संरक्षण सल्लागार. त्याने तिची विचारपूस केली, ऑस्ट्रेलियातल्या थंडीबद्दल विचारलं, आणि मग म्हणाला, "मॅडम, आमचा देश आपला ऋणी राहील. फक्त एवढंच सांगा, जनरल प्रवासाला आणि कामाला फिट आहेत का?"

जनरल छताकडे बघत होते. दुमडल्या बाहीचा हात मशीनला जोडलेला, दुसरा हात मांडीवर. कपाळावर घाम होता. शेजारच्या पेशंटने टोपी बाजूला करून एक डोळा उघडला.

देवयानीला राग आला, आणि रागापाठोपाठ कीव. हो म्हणणं किंवा नाही म्हणणं, दोन्ही किती सोपं होतं. तिने एक श्वास घेतला.

"माझ्या पेशंटच्या तब्येतीबद्दल मी दुसऱ्या कुणाशी बोलू शकत नाही," ती म्हणाली. "ते शुद्धीवर आहेत, नीट विचार करू शकतात, आणि माझ्या समोर आहेत. तुम्ही त्यांनाच विचारा."

आणि तिने फोन परत त्यांच्या हातात ठेवला.

जनरलनी तो कानाला लावला. पलीकडून आवाज येत राहिला, आर्जवाचा, मग थोडा चढा. मग जनरल आपल्या भाषेत एकच छोटं वाक्य बोलले. पुन्हा तेच वाक्य बोलले, थोडं मोठ्याने. फोन बंद केला.

"काय म्हणालात?" देवयानीने विचारलं.

"नाही म्हणालो. मी येणार नाही, असं." त्यांनी डोळे मिटले. "तुम्ही फार वाईट बाई आहात, डॉक्टर."

"मला माहितेय."

"ब्लड प्रेशर बघा माझं."

प्रेशर पडलं होतं. तिने नर्सला हाक मारली, मशीनचा वेग कमी केला, त्यांचे पाय वर घेतले. ते ठीक होईपर्यंत ती तिथेच उभी राहिली.

त्याच दुपारी तिला आरोग्य खात्याच्या पर्थमधल्या ऑफिसमधून फोन आला. हेडची पोस्ट अजून भरली जात नाहीये, आणखी सहा महिने सांभाळशील का, मेट? देवयानीच्या डोळ्यांसमोर जनरलचा घामेजलेला चेहरा आला. नाही म्हणायचं वाक्य तिने मनात जुळवलंही.

"नो वरीज, सांभाळते," ती म्हणाली.

घरी आल्यावर तिने हे शैलेंद्रला सांगितलं. तो रात्रपाळीला निघायच्या तयारीत होता, डब्यात पोळ्या भरत होता. "अगं, मग त्या म्हाताऱ्याला कशाला एवढं छळलंस?" तो म्हणाला. तिने त्याच्या डब्यात लोणचं घातलं.

जनरलनी नाही म्हटल्यावर राष्ट्राध्यक्षाने दुसरा माणूस निवडला. एलॉमला. त्या दिवशी दाराशी उभा असलेला एडीसी भराभर बढत्या मिळून आता ब्रिगेडियर झाला होता. पद घेण्याआधी त्याने जनरलना फोन केला. जनरलनी देवयानीला हे नंतर सांगितलं.

"मी त्याला म्हटलं, घेऊ नकोस. तो म्हणाला, सर, तुम्ही नाही म्हणालात, आता कुणीतरी हो म्हणायला हवं ना."

एलॉम जेमतेम दोन महिने सेनाप्रमुख होता. उत्तरेकडच्या छावणीतले सैनिक ऐकेनात, तेव्हा तो स्वतः त्यांच्याशी बोलायला गेला. सोबत शस्त्र नेलं नाही. फाटकाजवळ तो गाडीतून उतरला, टोपी काढली, आणि आतून कुणीतरी गोळी झाडली. कुणी झाडली, हुकूम होता की घाबरून सुटली, हे कधीच कळलं नाही. त्याच्या मृत्यूने सैनिकच हादरले आणि दुसऱ्या दिवशी त्यांनी शस्त्रं खाली ठेवली. ज्यासाठी तो गेला होता ते काम झालं.

ही बातमी आली त्या दिवशी जनरल डायलिसिसला आले नाहीत. नर्सने फोन केला, उचलला नाही. अबला खाणीत होती, तिचा फोन लागत नव्हता. क्लिनिक संपवून देवयानी स्वतःच गाडी घेऊन त्यांच्या घरी गेली.

पुढचं दार उघडंच होतं. जनरल मागच्या अंगणात, पायरीवर, अनवाणी बसले होते. ऊन चांगलं होतं पण वारा बोचरा होता. त्यांनी वळून पाहिलं नाही.

"आज सुट्टी हवीय, डॉक्टर."

"मिळणार नाही."

ती शेजारी बसली. अंगणात तुळशीसारखंच कसलंसं रोप कुंडीत लावलेलं होतं, थंडीने करपलेलं.

"मी गेलो असतो तर तो आज जिवंत असता," जनरल म्हणाले.

देवयानीच्या तोंडावर आलं होतं, असं म्हणू नका. पण ते तिने गिळलं. हे तिच्याही मनात सकाळपासून होतं. तिने त्या दिवशी एक शब्द म्हटला असता तरी जनरल गेले नसतेच, एलॉमलाच जावं लागलं असतं, हे तिने स्वतःला अनेकदा समजावलं होतं. तरी हातातला तो फोन आठवत होता.

"कदाचित," ती म्हणाली. "कदाचित तुम्ही गेला असता आणि त्या फाटकाशी तुम्ही असता."

"मी फाटकाशी गेलोच नसतो. मी कुणालातरी पाठवलं असतं. सेनाप्रमुख पाठवतो. तो स्वतः जात नाही. हे त्याला मी शिकवायला हवं होतं." ते थांबले. "का कोण जाणे, शिकवलं नाही."

दूर खाणीत ब्लास्ट झाला. पायाखालची पायरी थरथरली.

"तुमची मुलगी कामावर आहे," देवयानी म्हणाली. "संध्याकाळी ती घरी आल्यावर तुम्ही तिला श्वास लागलेल्या अवस्थेत दिसायला नको. चला. बूट कुठे आहेत?"

"नको बूट."

ते अनवाणीच गाडीत बसले. युनिटच्या दारात नर्सने त्यांच्या पायांकडे पाहिलं आणि कपाटातून हॉस्पिटलचे मोजे आणले.

एलॉमवर सरकारी इतमामाने अंत्यसंस्कार व्हायला तीन आठवडे होते. तिकडे तशीच पद्धत. जनरलनी आठवडाभर विचार केला आणि मग देवयानीला सांगितलं की त्यांना जायचंय.

"आता अनफिट म्हणू नका म्हणजे झालं," ते म्हणाले.

तिने त्यांना सगळं समजावून सांगितलं. प्रवास लांबचा, मध्ये दुबईला एक डायलिसिस घ्यावं लागेल, तिकडचं मशीन कसं असेल ठाऊक नाही, इन्फेक्शन होऊ शकतं, परत न येण्याचीही शक्यता आहे. "पण जाता येईल?" त्यांनी विचारलं. "जाता येईल," ती म्हणाली. दुबईच्या सेंटरला मेल, त्यांच्या राजधानीतल्या हॉस्पिटलला फोन, औषधं, रिपोर्ट, सगळं तिने आपल्या वेळात केलं.

अबला तिच्याशी बोलायची थांबली. जनरल निघाले त्या सकाळी एअरपोर्टवर मात्र भेटली. पर्थचं छोटं विमान उडून गेल्यावर काचेपाशी उभी राहून म्हणाली, "तेव्हाच अनफिट म्हणाली असतीस तर ते आज इथेच असते. एकदा अनफिट ठरलेल्या माणसाला कुणी जाऊ देत नाही."

"हो," देवयानी म्हणाली.

"एवढंच?"

"काय म्हणू, अबला? तुझं बरोबर आहे. आणि तरी मी पुन्हा तसंच केलं असतं."

अबला रडायला लागली. मग दोघींनी एअरपोर्टच्या कॉफीचे कागदी कप हातात घेतले आणि गार होईपर्यंत तशाच बसल्या. नंतर एक ब्लास्टला गेली, एक क्लिनिकला.

जनरल परत आले. दहा दिवसांचे पंधरा झाले, पण आले. पर्थहून फोन न करता थेट कालगुर्लीच्या विमानात बसले, उतरल्यावर अबलाला कळवलं आणि ती त्यांना एअरपोर्टवरून सरळ हॉस्पिटलात घेऊन आली. पाय सुजून बूट बसत नव्हते, चेहरा फुगलेला, आडवं झालं की दम लागत होता. अंगात पाणी साठलं होतं. देवयानीने त्यांना ताबडतोब मशीनवर घेतलं.

तासाभराने त्यांचा श्वास जरा शांत झाला. अबला बाहेरच्या बाकावर तोंड उघडं टाकून झोपून गेली होती. देवयानी पडद्याआड स्टूल ओढून बसली.

"तुम्हाला सांगितलं होतं पाणी मोजून प्यायचं."

"सांगितलं होतं." ते हळूहळू बोलत होते. "पहिल्याच दिवशी राष्ट्राध्यक्षाने सगळ्यांसमोर माझा हात धरला. टीव्हीचे कॅमेरे होते. म्हणाला, आता तुम्हीच. मी म्हटलं, नाही सर. या वेळी सोपं गेलं."

"मग एवढे दिवस का राहिलात?"

"एलॉमच्या आईला भेटायचं होतं. गाव लांब आहे. मी गेलो तर तिने दार लावून घेतलं. मी अंगणात उभा राहिलो. ऊन होतं. तिच्या घरचे लोक येत-जात होते, माझ्याकडे बघत नव्हते. दुसऱ्या दिवशी पुन्हा गेलो. मधे डायलिसिसला राजधानीत जाऊन आलो, पुन्हा गेलो. शेवटच्या दिवशी ती बाहेर नाहीच आली. पण आतून एका पोरीच्या हाती पाणी पाठवलं. मोठ्या भांड्यात. दारात आलेल्याला पाणी देतात आमच्याकडे. ते उरवायचं नसतं."

"सगळं प्यायलात?"

"सगळं."

देवयानीने मॉनिटरकडे पाहिलं. काढायचं पाणी पुष्कळ होतं, एका बैठकीत निघण्यासारखं नव्हतं. उद्या पुन्हा घ्यावं लागणार होतं, म्हणजे उद्याच्या कुणालातरी पुढे ढकलावं लागणार होतं.

"ते पुन्हा बोलावतील तुम्हाला," ती म्हणाली.

"बोलावतील," जनरल म्हणाले. त्यांचे डोळे मिटत होते. "नवा कुणी सापडेपर्यंत."

ते झोपले. तिने त्यांच्या अंगावरचं ब्लँकेट नीट केलं आणि नर्सला दर पंधरा मिनिटांनी प्रेशर बघायला सांगितलं. बाहेर अबलाची मान एका बाजूला कलंडली होती. देवयानीने आपलं जॅकेट गुंडाळून तिच्या डोक्याखाली सरकवलं. तेवढ्यात पेजर वाजला. इमर्जन्सीत छातीत दुखणारा एक ट्रक ड्रायव्हर आला होता. ती तिकडे चालू लागली.